सहा गाळण्यांवरचा अंदाज

माझ्या टेबलावर येणारी किडनी शेवईच्या तुकड्याएवढी असते. जाडी शेवईचीच, लांबी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. ही उपमा मी एकदा आमच्या सलीमभाईंसमोर दिली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ईद तोंडावर आलीय. दोन दिवस तरी हे बोलू नका." सलीमभाई माझ्या लॅबमधले टेक्निशियन. मी सरकारी मेडिकल कॉलेजातली नोकरी सोडून बीडला लॅब काढली त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर आहेत आणि माझं बोलणं दुरुस्त करणं हे ते आपलं काम समजतात.

लॅब पहिल्या मजल्यावर. खाली ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान. वर्षातून दोन-चार माणसं तरी चुकून जिना चढून वर येतात आणि फिल्टर मागतात. सलीमभाई त्यांना शांतपणे सांगतात, "आमचंही काम फिल्टरचंच आहे, पण बदलून मिळत नाही."

त्यांचं म्हणणं खरं आहे. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात. रक्त त्यांतून गाळलं जातं, मग गाळलेल्या पाण्याची बारीक नळ्यांमधून जाता जाता लघवी होते. किडनी का बिघडली हे रक्त-लघवीच्या तपासणीवरून कळलं नाही, तर किडनीचे डॉक्टर पाठीतून सुई घालून हा शेवईएवढा तुकडा काढतात. पेशंटनं तेवढा वेळ श्वास रोखून धरायचा असतो. तुकडा बाटलीतून आमच्याकडे येतो. सलीमभाई तो मेणात बसवतात, त्याचे इतके पातळ काप काढतात की कांद्याचा पापुद्रा त्यापुढे घोंगडी वाटावा, आणि काचेवर घेऊन रंग देतात. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते.

मला दोन गोष्टी सांगायच्या असतात. आजार कोणता, आणि किडनीत वण किती पडलेत. सूज असेल तर औषधानं उतरू शकते. वण उतरत नाही. एका रंगात वण निळे दिसतात. गाळण्या किती बंद पडल्या ते मोजता येतं, पण गाळण्यांच्या मधल्या जागेत निळं किती पसरलंय यावरून पुढचं जास्त कळतं. ते मोजायचं कसं, असं विद्यार्थी विचारायचे. नजरेनं. भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं हे जसं बाई नजरेनं ठरवते, तसं. फरक इतकाच की भाकरी चिरली तर लगेच कळतं. माझं चुकलं तर कळायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि कधी कळतही नाही.

आम्ही रिपोर्ट लिहितो, भविष्य सांगत नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो पंचवीस वर्षं पाळला. मोडला तो नानासाहेबांमुळे.

नानासाहेब माजलगावकडचे. धरणाखालचा ऊस, गावात शब्दाला वजन, दर पंचवार्षिकला कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत उभे. साखरेचा आजार जुना होता, पण लघवीतून रक्त जायला लागलं म्हणून आमच्याकडचे किडनीचे डॉक्टर काळे यांनी तुकडा काढला. मी सत्तर टक्के वण लिहिले. दुसऱ्या दिवशी नानासाहेब चार माणसं घेऊन जिना चढून आले. माणसं बाहेर उभी केली आणि माझ्यासमोर बसले.

"बाई, हे सत्तर जरा जास्त वाटतंय."

"आहे तेवढं लिहिलंय."

"पन्नास करा."

"मी केलं तरी किडनीला कळणार नाही."

त्यांनी हे मनावर घेतलं नाही. घासाघिशीत पहिला नकार कुणीच मनावर घेत नाही. "बरं, साठ," ते म्हणाले. मी मान हलवली. मग ते मुद्द्यावर आले. "मला फॉर्म भरायचाय. पाच वर्षं निघत्याल का डायलिसिसच्या मशिनीशिवाय?"

"काळे डॉक्टरांना विचारा."

"इचारलं. ते म्हणत्यात, सांगता येत न्हाई. त्यांनी वरनं बघितलंय. तुमी आतनं बघितलंय. तुमी सांगा."

वरून आणि आतून, हे मला आवडलं. मी त्यांचे जुने रिपोर्ट मागवून घेतले, बीपी पाहिलं, साखर पाहिली, पुन्हा एकदा निळं पाहिलं आणि म्हणाले, "अडीच वर्षं."

नानासाहेब उठले, नमस्कार केला आणि गेले. फॉर्म त्यांनी भरला नाही. बायकोला, म्हणजे काकींना, उभं केलं. काकी निवडून आल्या. दोन वर्षं आणि सात महिन्यांनी डायलिसिसच्या खुर्चीवरून नानासाहेबांचा फोन आला. "बाई, तुमी एक महिना कमी सांगितला!" आवाजात इतका आनंद होता, जणू निकाल त्यांच्याच बाजूनं लागलाय. खुर्चीवर चार-चार तास बसावं लागतं. त्या चार तासांत त्यांनी डाव्या-उजव्या सगळ्या पेशंटांना सांगितलं की बीडच्या बाई तारीख सांगतात.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं, हे इथं लिहायला हवं.

मग माणसं यायला लागली. रिपोर्ट घ्यायला पूर्वी कुणीही यायचं, आता पेशंट स्वतः यायचे आणि रिपोर्ट हातात घेऊन समोर उभे राहायचे. एक गृहस्थ मोठ्या भावाचा रिपोर्ट भावाला न सांगता घेऊन आले. शेताची वाटणी आताच करावी की थांबावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यांना मी हाकललं. पण बाकीच्यांना सांगत गेले. दीड वर्षं. चार वर्षं. तुम्हाला काही होत नाही, जा घरी. बहुतेक वेळा खरं ठरलं. जे खरं ठरलं नाही ते सांगायला कुणी परत आलं नसावं, हा विचार मला तेव्हा सुचला नाही.

नामदेव त्या काळात आला. धनगर. चौसाळ्याच्या वरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती. वय त्रेचाळीस, ऐंशी मेंढरं, बायको कौसाबाई आणि एकच मुलगी, वैशाली. मुलगी बीडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वस्तीवरून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. नामदेवच्या गुडघ्यांनी डोंगरापुढे हात टेकले होते आणि तो दोन-तीन वर्षं दुखण्यावरच्या गोळ्या रोज खात होता. अंगावर सूज आली, रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते हे सांगणारा आकडा, जो साधारण एकच्या आसपास असावा, तो तीनच्या जवळ गेलेला.

काळे डॉक्टरांनी तुकडा काढायला घेतला. नामदेवला खोकला आवरेना. श्वास रोख म्हटलं की खोकायचा. एकदा सुई गेली, लहानसा तुकडा आला. दुसऱ्यांदा काहीच आलं नाही, रक्त मात्र जरा जास्त आलं, म्हणून काळ्यांनी थांबवलं. तुकडा एवढासा. गाळण्या सहाच, त्यांतल्या चार बंद. मधली जागा साठ टक्के निळी.

रिपोर्ट नीट वाचायला निदान आठ-दहा गाळण्या हव्यात. हे मला माहीत होतं. म्हणून मी रिपोर्टाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ टाकली की नमुना मर्यादित आहे. वर मात्र साठ टक्के असं ठळक लिहिलं. त्या ओळीनं उद्या कोर्टात माझं संरक्षण झालं असतं. दुसरा काही उपयोग त्या ओळीचा नव्हता, कारण ती कुणी वाचत नाही. काळ्यांनी फोन करून विचारलं, "मॅडम, साठ नक्की?" मी म्हणाले, "नक्की." मग त्यांनी ठरवलं की एवढ्या वणांवर सूज उतरवणारं स्टेरॉइड देण्यात अर्थ नाही. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, बीपीची सुरू केली आणि पथ्य सांगितलं.

नामदेव रिपोर्ट न्यायला आला तेव्हा डोक्याचा पटका काढून हातात धरला होता.

"बाई, किती साल?"

"दोन. फार तर अडीच. मग मशीन लागेल."

"मशिनीवर आमच्यासारख्याचं किती चालतंय?" असं त्यानं विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. रिपोर्टाची घडी घातली. "म्हंजी पोरीचं उरकाया पायजे," तो म्हणाला.

हे मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही, खोली लहान आहे. दुसरी काच सूक्ष्मदर्शकाखाली होती. मी डोळे खाली घातले.

आठ महिन्यांनी कौसाबाई एकटीच आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दर दोन महिन्यांचे रक्ताचे कागद. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद तारखेनं लावलेले होते आणि आकडे तिला पाठ होते.

"बाई, तुमच्या कागदापरमानं ह्यो आकडा वाढाया पायजे हुता."

"हो."

"वाढंना. उलट उलीसा कमी झालाय. माणूस डोंगर चढून येतोय. म्या म्हणलं, इचारावं."

मी कागद पाहिले. तिचं म्हणणं बरोबर होतं. अशा वेळी आम्ही म्हणतो, काहींचा आजार सावकाश जातो. मी तेच म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुकडा कुठनं घेतलता? वरनं का मधनं?"

"त्याचं काय?"

"आमी बोकड कापतो. गुर्द्याचं वरचं येगळं, आतलं येगळं. नुसतं साल बघून गुर्दा कसा हाय ते कसं सांगावं?"

मी तिला बसायला सांगितलं. सलीमभाईंनी कपाटातून नामदेवच्या काचा काढल्या. मी पाहायला लागले, आणि जे आठ महिन्यांपूर्वीही तिथंच होतं ते मला दिसलं. तुकड्याच्या एका कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, किडनीच्या आवरणाची गुलाबी रेघ होती. म्हणजे सुई आत शिरलीच नव्हती. सालीखालून आडवी गेली होती. सालीखाली वण नेहमीच जास्त असतात, आतली किडनी त्यामानानं चांगली असली तरीही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी हे शिकवत असे. परीक्षेत विचारत असे.

"काय दिसलं?" कौसाबाईनं विचारलं.

"तुम्ही म्हणता ते."

तिला आनंद झाल्याचं दिसलं नाही. "मागल्या महिन्यात पोरीचं लगीन केलं," ती म्हणाली. "युसूफ वडगावला दिली. सासरचे चांगले हायती. पण कॉलेज सुटलं. ह्यांचं म्हणनं, डोळ्यांदेखत व्हावं."

मी काळ्यांना फोन केला नाही. स्वतः गेले. काळे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माझ्या हाताखाली शिकलेले नाहीत, पण मला मॅडम म्हणतात आणि माझ्या आकड्यावर औषधं ठरवतात. त्यांच्या दवाखान्यात पेशंटांच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसले, कारण आधी सांगितलं असतं तर त्यांनी चहा मागवला असता.

"नामदेवचा माझा आकडा चुकलाय," मी म्हणाले. "पुन्हा तुकडा काढावा लागेल."

"मागच्या वेळी रक्त आलं होतं, मॅडम. पुन्हा सुई घालायची, आणि आत साठच निघाले तर?"

"तर मी तुमची आणि त्याची, दोघांची माफी मागेन. पण आत सूज असेल आणि आपण तिला औषध देत नसू, तर ती रोज थोडी थोडी वणात जातेय."

त्यांनी नामदेवला बोलावलं. मीही गेले. मला वाटलं होतं, आपण चांगली बातमी देतोय. काळ्यांनी त्याला समजावून सांगितलं की कदाचित पहिला अंदाज चुकला असेल, कदाचित तो पुष्कळ जगेल. नामदेव ऐकत होता. त्यानं मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली होती, पाच-पंचवीस ठिकाणची बोलणी करून लेकीचं लग्न लावलं होतं, आणि स्वतःपुरती सगळी निरवानिरव करून तो मोकळा झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मग लगीन कावून केलं आमी?"

काळे टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

"तिला शिकायचं हुतं," नामदेव म्हणाला. "माझ्या पाया पडून रडलती ती. म्या म्हणलं, बाईंनी सांगितलंय. लेकी, बाईंनी सांगितलंय."

तो रडत नव्हता. चिडलाही नव्हता. त्यानं नुसतं सांगितलं. मग सुईला नकार दिला. मरायची तयारी झाली होती, ती मोडायला त्याची तयारी नव्हती.

शेवटी कौसाबाई उठली. "जगाया लागलाव म्हणून गाऱ्हानं करू नगा," ती म्हणाली. "झोपा त्या टेबलावर. आन् खोकायचं न्हाई."

तो झोपला. खोकला नाही. दोन तुकडे आले, दोन्ही आतपर्यंतचे. सलीमभाईंनी दार लावून घेतलं आणि काप काढेपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही, मलाही नाही. गाळण्या तेवीस. बंद तीन. निळं वीस टक्के. आणि मधल्या जागेत सुजेच्या पेशी, अजून वणात न गेलेल्या. दुखण्यावरच्या गोळ्यांनी केलेलं काम. मी तीनदा मोजलं. मग काचा पुण्याला माझ्या जुन्या सरांकडे पाठवल्या, माझा आकडा न कळवता. त्यांनीही वीसच सांगितले.

काळ्यांनी काही महिने स्टेरॉइड दिलं. नामदेवचं तोंड सुजून गोल झालं. वस्तीवर लोक म्हणाले, लेकीचं लगीन करून बाबा सुधारला. क्रिएटिनिन दोनच्या आसपास आलं आणि तिथंच थांबलं. पूर्ण बरा झाला असं नाही. ते आठ महिने वाया गेले नसते तर आणखी खाली आलं असतं का, असं मी काळ्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही, मॅडम." याला आता सात वर्षं झाली. नामदेवनं अर्धी मेंढरं भावाकडून परत घेतली आणि तो अजून चौसाळ्याच्या बाजारात दिसतो. मला पाहिलं की रामराम करतो. मी थांबते, पण आम्हाला बोलायला काही सापडत नाही.

त्यानंतर मी वर्षं सांगणं बंद केलं. गाळण्या किती मिळाल्या, तुकडा कुठून आला, हे आता रिपोर्टाच्या पहिल्या ओळीत मराठीत लिहिते. आकडा एक देत नाही, इथपासून इथपर्यंत असा देते. डॉक्टरांना ते आवडत नाही. पेशंटांना त्याहून आवडत नाही. नानासाहेब खुर्चीवरूनच एकदा म्हणाले, "बाईंचा हात गेला."

वैशालीला मी कधी पाहिलं नव्हतं. मागच्या वर्षी एक बाई वर आली, चार-पाच वर्षांची मुलगी कडेवर. मला वाटलं, फिल्टरवाली. ती म्हणाली, "मी नामदेव धनगराची वैशाली."

मी सहा वर्षं या भेटीसाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते आठवेना. "माझ्यामुळं तुझं शिक्षण सुटलं," एवढंच म्हणाले.

"तसं न्हाई बाई," ती म्हणाली. मुलीला तिनं खाली ठेवलं. "तुमी सांगितलं तवा आमाला बरंच वाटलं हुतं. कुणीतरी नक्की सांगितलं म्हणून. तुमी 'ठाव न्हाई' म्हणला असता ना, तर आई-बाबांनी थांबून बघितलं असतं." तिनं जरा विचार केला. "तेवढंच."

मग ती कामाचं बोलली. नवऱ्याची हरकत नव्हती. सासू मुलीला सांभाळायला तयार होती. तिला नर्सिंग पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. मधेच का सोडलं याचं कारण कॉलेजात विचारतील, आणि नुसतं लग्न म्हटलं तर पुन्हा सोडशील म्हणतील, अशी तिला भीती होती. तिला माझ्या लेटरहेडवर खरं कारण लिहून हवं होतं.

सलीमभाई टाइप करायला बसले. मी सांगितलं ते असं: वडिलांच्या तपासणीत माझ्याकडून चूक झाली, मी त्यांना चुकीची मुदत सांगितली, त्यामुळे घरच्यांनी घाईनं लग्न केलं, विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरी-धंद्यात मी काही हजार रिपोर्ट लिहिले असतील. इतका निश्चित रिपोर्ट दुसरा नाही. सलीमभाईंनी मधे एकदा मान वर केली, पण दुरुस्ती सांगितली नाही. वैशालीनं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "सही ऱ्हायली."

मी सही केली, शिक्का मारला.

तिला प्रवेश मिळाला. दोन महिन्यांनी ती वर आली, पांढऱ्या गणवेशात, वर्गातल्या मुलींपेक्षा आठ वर्षांनी मोठी, पण त्याचं काही वाटत नसल्यासारखी. पिशवीतून तिनं लिफाफा काढला. माझंच पत्र होतं. घडीही मोडलेली नव्हती.

"लागलं न्हाई बाई. कुणी इचारलंच न्हाई. परीक्षा दिली, मार्कावर झालं." तिनं लिफाफा टेबलावर ठेवला. "म्हणलं, सही-शिक्क्याचा कागद हाय, उगं दुसरीकडं कशाला पडावा."

तिचा तास होता. ती जिना उतरून गेली. सलीमभाईंना आमच्याकडे कागद पडून राहिलेला चालत नाही. ते आले, लिफाफा उचलला, आत पाहिलं.

"मॅडम, फाइलला लावतो. कुणाच्या नावानं लावू?"

"माझ्या," मी म्हणाले.

त्यांनी नवी फाइल काढली, वर माझं नाव लिहिलं आणि पेशंटांच्या कपाटात ठेवली.